रेसचा स्क्रू सर्वांत शेवटी : जुन्या टर्बो डिझेल गाडीची स्लो रेस का बिघडते



आजचा विषय ऐकायला किरकोळ वाटेल. गाडी उभी आहे, ॲक्सिलेटरवर पाय नाही आणि इंजिन थरथरतंय. रेस आपोआप वर जाते, खाली येते, कधी इंजिन बंदच पडतं. पुस्तकात याला आयडलिंगचा दोष म्हणतात. गॅरेजात आपण म्हणतो, ‘गाडी स्लो रेस धरत नाही’. मी बोलणार आहे ते जुन्या टर्बो डिझेल गाड्यांबद्दल. पहिल्या बोलेरो, २००२ पासूनच्या स्कॉर्पिओ, टर्बोवाल्या सुमो. आपल्याकडं अशा गाड्या आजही शेतावर, लग्नाला, दवाखान्याला धावतात.

आधी हे सांगतो की, हा विषय किरकोळ का नाही. बुलढाणा शहरात रेल्वे नाही. मलकापूरला जायचं तर राजूर घाट उतरावा लागतो. समजा उतारावर वळण घेताना तुम्ही क्लच दाबला, रेस खाली आली आणि इंजिन बंद पडलं. डिझेल गाडीत ब्रेकच्या बूस्टरला लागणारा व्हॅक्यूम एक वेगळा पंप तयार करतो. या गाड्यांत तो बहुधा अल्टरनेटरच्या पाठीवर असतो. इंजिन थांबलं की तो पंपही थांबला. साठलेल्या व्हॅक्यूमवर दोन-तीनदा ब्रेक नीट लागतो, नंतर पेडल दगडासारखं कडक होतं. पॉवर स्टिअरिंग असेल तर तेही जड होतं. म्हणून स्लो रेस ही आरामाची गोष्ट नाही, घाटात ती ब्रेकची गोष्ट आहे.

आता कारणाकडे येऊ. स्लो रेस बिघडली की पहिला संशय टर्बोवर जातो, कारण तो महाग आणि अनोळखी भाग. पण टर्बो काय करतो ते बघा. सायलेन्सरकडे जाणाऱ्या गरम धुराच्या जोरावर एक चक्र फिरतं, त्याच दांड्यावरचं दुसरं चक्र हवा दाबून इंजिनात भरतं. स्वित्झर्लंडच्या आल्फ्रेड ब्यूशी या इंजिनिअरनं १९०५ साली या कल्पनेचं पेटंट घेतलं. भरलेली गाडी चढावर असते तेव्हा हे चक्र मिनिटाला लाखाच्या घरात फेरे घेतं. स्लो रेसला मात्र धूर थोडा, जोर थोडा. हवेवर दाब जवळजवळ नसतोच. जो भाग त्या वेळी कामच करत नाही, तो रेस कशी खालीवर करणार? टर्बो खराब झाला तर गाडी चढावर मरते, शिट्टी मारते, निळा धूर सोडते. नुसती रेस हलत असेल, तर आधी डिझेलकडे बघा.

रेस एका लयीत का हलते, हेही समजून घ्या. जुन्या डिझेल पंपात गव्हर्नर असतो. फेरे कमी झाले की तो डिझेल वाढवतो, जास्त झाले की कमी करतो. पण डिझेलबरोबर हवेचे बुडबुडे आले, तर त्याचा हिशेब चुकतो. तो वाढवतो तेव्हा बुडबुडा येतो, कमी करतो तेव्हा भरपूर डिझेल येतं. मग तो सारखा पाठलाग करत राहतो. यालाच हंटिंग म्हणतात. बिचारा गव्हर्नर बहुतेक वेळा ठीकच असतो.

एक अनुभव सांगतो. भाड्यानं चालणारी एक जुनी जीप माझ्याकडं आली होती. मालकाला एका ठिकाणी सांगितलं होतं की टर्बो गेला, पंपही उतरवावा लागेल. खर्च ऐकून तो माणूस गाडी विकायला निघाला होता, आणि घर त्याच गाडीवर चालत होतं. आम्ही काय केलं? एका स्वच्छ कॅनमध्ये डिझेल भरलं, कॅन इंजिनाच्या वर टांगला आणि नवीन पाइपनं ते डिझेल थेट पंपाला दिलं. हवा काढली, गाडी चालू केली. रेस घड्याळासारखी स्थिर! म्हणजे पंप ठीक, नोझल ठीक. दोष टाकी आणि पंपाच्या मध्ये. शोधला तर फिल्टरच्या आधीचा रबरी पाइप क्लिपच्या खाली चिरलेला. चहा-नाश्त्याच्या पैशात काम झालं.

तिथं डिझेलचा एक थेंबही बाहेर दिसत नव्हता. कारण त्या पाइपातून पंप डिझेल ओढून घेतो. ओढणाऱ्या बाजूला फट पडली तर डिझेल बाहेर येण्यापेक्षा हवा आत जाते. म्हणून ‘लिकेज नाही’ म्हणजे ‘दोष नाही’ असं समजू नका.

तेव्हा तपासायचा क्रम लक्षात ठेवा. स्वस्त ते महाग.

पहिलं, टाकीचं झाकण उघडा. सूं आवाज येऊन रेस सुधारली, तर टाकीची हवेची वाट बुजली आहे.

दुसरं, डिझेल फिल्टर. खालचा स्क्रू सोडून पाणी निघतं का बघा. शेतातल्या ड्रममधलं डिझेल गाडीत ओतत असाल, तर पावसाळ्यात हे नक्की करा.

तिसरं, पंपाच्या आधी थोडा पारदर्शक पाइप लावून बुडबुडे बघा. नोझलांवरचे बारीक रिटर्न पाइपही बघा. ते वाळून चिरले की रात्रभरात डिझेल मागे उतरतं आणि सकाळी गाडी उशिरा लागते.

चौथं, एअर फिल्टर. आपल्या रस्त्यांची धूळ तुम्हाला मी सांगायला नको. त्याच वेळी टर्बोच्या पुढचे हवेचे पाइप आणि क्लिपा हातानं हलवून बघा.

पाचवं, धुराचा रंग. काळा धूर म्हणजे हवा कमी किंवा डिझेल जास्त. ईजीआर असलेल्या गाडीत तो व्हॉल्व्ह काजळीनं उघडा अडकला तरी रेस खडबडीत होते आणि काळा धूर येतो. थंडीत सकाळी पांढरा, झोंबणारा धूर येऊन गरम झाल्यावर गाडी सुधारत असेल, तर ग्लो प्लग, टायमिंग आणि कॉम्प्रेशन तपासा. निळा धूर म्हणजे ऑइल जळतंय. इथं मात्र टर्बोच्या सीलचा संशय योग्य आहे.

सहावं, एकच सिलिंडर मिस असेल तर जुन्या पंपाच्या गाडीत मेकॅनिक एकेका नोझलच्या पाइपाचा नट किंचित ढिला करतो. ज्या नटानं इंजिनाच्या आवाजात फरक पडत नाही, तो सिलिंडर कामचुकार. पण ऐका, कॉमन रेल म्हणजे सीआरडीई गाडीत हे कधीही करायचं नाही. तिथं स्लो रेसलाही दाब शेकडो बार असतो. ती बारीक धार कातडीत घुसते, आणि जखम टाचणीएवढी दिसली तरी धावतपळत दवाखाना गाठावा लागतो. त्या गाडीत प्रत्येक इंजेक्टरच्या रिटर्नला बाटली लावतात. एक बाटली इतरांपेक्षा फार लवकर भरली, तर तो इंजेक्टर झिजला.

हे सगळं झालं, टॅपेटचं अंतर बघून झालं, की मग स्लो रेसचा स्क्रू. गाडीच्या पुस्तकात आकडा असतो, साधारण ७५० ते ८५० फेरे. इंजिन गरम करून तेवढंच लावायचं. आपण उलट करतो. गाडी बंद पडते म्हटलं की आधी स्क्रू पिळतो. रेस वाढते, दोष झाकला जातो, फट मात्र तशीच राहते. ती एक दिवस मोठी होते, आणि तो दिवस घाटातला असू शकतो. कॉमन रेल गाडीत तर स्क्रूच नसतो, तिथं रेस कॉम्प्युटर ठरवतो.

(श्रोत्यांतून प्रश्न : घाट चढून आल्यावर गाडी लगेच बंद करू नये म्हणतात, ते खरं का?)

खरं आहे. टर्बोचा दांडा ऑइलवर फिरतो. जोरात चढून आल्यावर तो तापलेला असतो आणि इंजिन बंद केलं की ऑइलही थांबतं. ते तिथंच करपतं. मिनिटभर स्लो रेसवर राहू द्या, मग चावी काढा.

(प्रश्न : आणि चावी काढूनही इंजिन थांबलं नाही तर?)

चांगलं विचारलंत. सील फुटून ऑइल हवेच्या वाटेनं आत गेलं, तर इंजिन त्याच्यावरच पळतं, रेस वाढतच जाते. अशा वेळी ब्रेक दाबून धरा, वरचा गिअर टाका आणि क्लच सोडून इंजिन मारा. बॉनेट उघडून हवेच्या तोंडावर हात ठेवू नका.

तर मंडळी, घरी जाऊन एकच करा. रात्री सगळं शांत झालं की गाडी चालू करून दोन मिनिटं नुसतं ऐका. आवाज एकसारखा नसेल, तर पाना हातात घेण्याआधी टाकीचं झाकण उघडून बघा.