जुनी गाडी : घेताना स्वस्त, विकताना महाग, असं का?

मंडळी, आपल्या मांजरीच्या उपबाजारात शेतकरी स्वतः भाजी आणून विकतो. तिथे मेथीची जुडी ज्या भावाने जाते, त्या भावाने ती शहरातल्या हातगाडीवर मिळत नाही. त्याचं आपल्याला नवल वाटत नाही, कारण वाहतूक आणि नासाडी डोळ्यांना दिसते. पण डीलरने आपली गाडी 4 लाखांना घेऊन 4 लाख 70 हजारांना विकली, की आपण म्हणतो, लुटलं! समजुतीसाठी हेच आकडे धरून हिशेब करू.

फरक 70 हजारांचा. जानेवारी 2025 पासून नोंदणीकृत डीलरला जुन्या गाडीवर 18 टक्के जीएसटी आहे, तोही फक्त फरकावर. म्हणजे 12,600 रुपये गेले. टायर, डेंटिंग-पेंटिंगचे 15 हजार धरा. गाडी दोन महिने उभी राहिली, तर 4 लाखांवर 12 टक्क्यांनी व्याज 8 हजार. उरले 34,400. त्यातून जागेचं भाडं, पगार, वॉरंटी.

शिवाय गाडीही नासते बरं का! 22 सप्टेंबर 2025 ला छोट्या गाड्यांवरचा जीएसटी 28 वरून 18 टक्क्यांवर आला. नवी गाडी स्वस्त झाली, की जुनीचा भाव उतरतो. आधीच घेऊन ठेवलेल्या गाड्यांचा तोटा डीलरच्या अंगावर.

दुसरं कारण जास्त महत्त्वाचं. जॉर्ज अकरलॉफ या अर्थशास्त्रज्ञाने ते 1970 साली मांडलं, 2001 मध्ये त्यांना नोबेल मिळालं. गाडीतली खोट मालकाला माहीत असते, घेणाऱ्याला नाही. म्हणून घेणारा खोट धरूनच भाव करतो आणि चांगल्या गाडीच्या मालकालाही कमीच मिळतं. सर्व्हिसच्या पावत्या जपल्या असतील, तर ही शंका कमी होते. भाव तिथे वाढवून मागता येतो.

मग स्वतःच विकावी का? दोन पैसे जास्त मिळतात, हे खरं. पण आरटीओत नाव बदललं नाही, तर जबाबदारी तुमच्याकडेच राहते. अपघाताच्या भरपाईसाठी नोंदीत ज्याचं नाव तोच मालक, असं सर्वोच्च न्यायालयाने 2018 मध्ये स्पष्ट केलंय. तेव्हा फॉर्म 29 आणि 30 वर सही करून थांबू नका, ट्रान्सफर झाल्याची खात्री करा.

आता सावध राहायचं कुठे, तर नव्या गाडीच्या एक्स्चेंजमध्ये. तिथे दोन व्यवहार एकात मिसळतात. एक्स्चेंज बोनस मोठा दाखवायचा आणि जुनीचा भाव पाडायचा, किंवा जुनीला भाव चांगला द्यायचा आणि नवीवरची सूट कापायची. म्हणून आधी नवी गाडी रोखीने केवढ्याला पडेल ते लिहून घ्या. जुनीचा भाव वेगळा विचारा, आणखी दोन ठिकाणी दाखवा. दोन आकडे वेगळे झाले, की डीलर त्याच्या कष्टाचे किती घेतो आणि आपल्या घाईचे किती, ते कळतं. कष्टाचे द्यावेत. घाईचे का द्यायचे?