अंदाजपंचे दाहोदरसे

‘काल सहलीला किती मुले होती हो?’
‘असतील अंदाजपंचे शंभर-सव्वाशे.’

शिक्षकांच्या खोलीत असा संवाद रोज होतो. वाक्प्रचार पुरता उच्चारला तर ‘अंदाजपंचे दाहोदरसे’. कुणी ‘धागोदरशे’ म्हणते, कुणी ‘धावदरशे’. यातील ‘पंचे’ कोणते आणि ‘दाहोदरसे’ म्हणजे काय, असे वर्गात विचारून पाहा. मुले सहसा गप्प बसतात. (आम्ही हा प्रश्न शिक्षकांनाही विचारला आहे. फारसा फरक पडला नाही.)

उत्तर पाढ्यांत आहे. जुन्या पद्धतीने पाढे म्हणताना शंभराच्या पुढच्या संख्यांना ‘एकशे पाच’, ‘एकशे दहा’ म्हणत नसत. पाचोदरसे म्हणजे पाच अधिक शंभर, दाहोदरसे म्हणजे दहा अधिक शंभर. संस्कृतातील ‘दशोत्तर शत’ घासून घासून असे झाले. आता बावीसचा पाढा म्हणा: बावीस चोक अठ्ठ्याऐंशी, बावीस पंचे दाहोदरसे. या ‘बावीस’च्या जागी कुणा मिश्किलाने ‘अंदाज’ बसवला.

‘अंदाज’ हा शब्द फारसीतून आला. त्याचे नाते फेकणे या अर्थाच्या क्रियापदाशी आहे. तिरंदाज आणि गोलंदाज यांतला ‘अंदाज’ तोच. इंग्रजीत ढोबळ आकड्याला ‘बॉलपार्क फिगर’ म्हणतात. बॉलपार्क म्हणजे बेसबॉलचे मैदान. नेमकी जागा नाही, पण निदान मैदानाच्या आत, असा भाव. दोन दूरच्या भाषांना अंदाज बांधताना काहीतरी फेकणेच आठवावे, याची गंमत वाटते.

पण आमच्या मते मराठी वाक्प्रचार अधिक हुशार आहे, कारण त्यात एक चूक नेमकी पकडली आहे. गुण्य माहीत नाही, तो अंदाज आहे. तरी गुणाकार मात्र ठासून सांगितला आहे: ११०, ना एक कमी ना एक जास्त! बावीस ही संख्या खरोखर अंदाजाची असेल, म्हणजे २० ते २४ मधली काहीही असेल, तर पाचपटीचे उत्तर १०० ते १२० मध्ये कुठेही येईल. गुणाकार अचूक केला म्हणून गुण्यातली अनिश्चितता जात नाही. उलट तीही पाचपट होते. प्रयोगवहीत पट्टीने मोजलेल्या लांबी-रुंदीवरून दशांशचिन्हापुढे सहा अंकांपर्यंत क्षेत्रफळ लिहिणारा विद्यार्थी हेच करत असतो.

हा प्रश्न केवळ वहीतला नाही. आपल्या नाशिक जिल्ह्यात इगतपुरीला भाताची खाचरे तुडुंब असतात, त्याच वर्षी सिन्नर, येवला, नांदगावकडे बाजरी करपलेली असू शकते. पीक किती आले हे ठरवण्याची आपल्याकडची जुनी रीत म्हणजे आणेवारी. सोळा आणे म्हणजे पूर्ण पीक. १९५७ मध्ये दशमान नाणी आली आणि तिची पैसेवारी झाली, तरी गावात शब्द आणेवारीच राहिला. सुरुवातीला काढतात ती ‘नजर पैसेवारी’. महसूल व कृषी खात्यांचे कर्मचारी आणि गावातील शेतकरी उभे पीक पाहून ती ठरवतात. अंतिम पैसेवारी येते ती पीक कापणी प्रयोगानंतर. अनेक वर्षे पैसेवारी ५० च्या खाली असणे हाच टंचाईचा निकष होता. शेतसाऱ्यात सूट, कर्जवसुलीला स्थगिती, विद्यार्थ्यांना परीक्षा शुल्काची माफी हे सारे त्यावर अवलंबून असे. केंद्राच्या २०१६ च्या दुष्काळ संहितेनंतर पाऊस, जमिनीतील ओल आणि उपग्रहातून दिसणारी हिरवाई यांना महत्त्व आले. पैसेवारी मात्र अजूनही काढली जाते.

कापणी प्रयोगात शेतातला ठरावीक मापाचा तुकडा आखून त्यातले धान्य तोलतात. तुकडा कुठे घ्यायचा हे डोळ्यांनी ठरवायचे नाही, यादृच्छिक संख्यांवरून ठरवायचे. डोळा नकळत चांगला किंवा वाईट भाग निवडतो. पण तुकडा केवढा हवा? यावर १९४० च्या दशकात मोठा वाद झाला. प्रशांतचंद्र महालनोबिस लहान तुकड्यांच्या बाजूचे होते. साताऱ्याकडच्या बुध गावचे पांडुरंग वासुदेव सुखात्मे यांनी १९४६ मध्ये दाखवले की लहान तुकड्यांतून उत्पन्न वाजवीपेक्षा जास्त येते. कारण साधे आहे. सीमेवरची रोपे कापणारा माणूस बहुधा आत धरतो.

हिशेब करून पाहू. समजा, सर्व बाजूंनी फक्त ५ सेंटिमीटरची पट्टी चुकून आत आली. तुकडा १ मीटर × १ मीटर असेल तर प्रत्यक्षात कापला गेला १.१ × १.१, म्हणजे १.२१ चौरस मीटर. चूक २१ टक्के. तुकडा १० × १० असेल तर १०.१ × १०.१, म्हणजे १०२.०१ चौरस मीटर. चूक जेमतेम २ टक्के. आता असे गाव घ्या जिथे बाजरीचे प्रमाण उत्पन्न हेक्टरी १० क्विंटल धरले आहे आणि प्रत्यक्षात पिकले ४.८ क्विंटल. खरी पैसेवारी ४८. मोठ्या तुकड्यातून ती ४९ येईल, लहान तुकड्यातून ५८. बोटभर पट्टीने अख्खे गाव पन्नाशीच्या पलीकडे गेले! आणि यात कुणी लबाडी केलेली नाही. शिवाय असे पन्नास लहान तुकडे कापून सरासरी काढली तरी ही चूक जात नाही, कारण ती प्रत्येक वेळी एकाच बाजूला होते. इकडे-तिकडे होणाऱ्या चुका सरासरीत एकमेकींना खातात, एकाच दिशेच्या चुका खात नाहीत.

हे शाळेच्या मैदानावर करून पाहता येईल. सुतळी आणि खुंट्या घेऊन गवतात १ मीटरचा चौकोन आखा आणि चार गटांना एकाच जातीची रोपे वेगवेगळी मोजू द्या. आकडे फळ्यावर लिहा. मग नियम सांगा: रोपाचा बुंधा सुतळीच्या आत असेल तरच मोजायचे, पाने कुठेही लोळोत. पुन्हा मोजणी करा आणि दोन्ही वेळचे आकडे शेजारी शेजारी मांडा. आम्ही हे केले तेव्हा दुसऱ्या वेळी चारही गटांचे आकडे उतरले. एका मुलीने विचारले, बुंधा बरोबर सुतळीखालीच आला तर? त्यावर अर्धा तास वाद झाला. शेवटी मुलांनीच ठरवले की अशी रोपे दोन बाजूंना आत धरायची आणि उरलेल्या दोन बाजूंना बाहेर.