रिफ्रेश केलं आणि पान गेलं

पावसाळ्यात पवना धरणाकाठच्या कॅम्पची जाहिरात व्हॉट्सअ‍ॅपवरच फिरते. कुणी 'तंबूचे दर' हे पान उघडून लिंक ग्रुपवर टाकतो आणि बाकीच्यांना दिसतं '४०४'. मालक होस्टिंगवाल्याला फोन लावतो. पण घोळ बहुधा राउटिंगचा असतो, म्हणजे कुठल्या पत्त्यावर कुठलं पान दाखवायचं हे कोण ठरवतं, त्याचा.

गैरसमज पहिला: ४०४ म्हणजे साईट बंद पडली. तसं नसतं. बऱ्याच साईटवर आपण पान बदलतो तेव्हा सर्व्हरच्या गावीही नसतं. ब्राउझरमधली जावास्क्रिप्टच वरचा पत्ता आणि आतला मजकूर बदलते. रिफ्रेश केलं किंवा लिंक दुसऱ्या फोनवर उघडली, की तो पत्ता पहिल्यांदा सर्व्हरकडे जातो आणि तिथे त्या नावाचं काहीच नसतं. असे पत्ते मुख्य फाईलकडे वळवायचा नियम सर्व्हरवर लिहिला की काम होतं. मात्र मग चुकीच्या पत्त्यालाही सर्व्हर '२००, सगळं ठीक' म्हणू लागतो. गूगल याला 'सॉफ्ट ४०४' म्हणतं.

'मग # टाकून मोकळे व्हा,' असा सल्ला मिळतो. # च्या पुढचा भाग ब्राउझर सर्व्हरला पाठवतच नाही, त्यामुळे रिफ्रेशची भीती जाते. पण लोहगड, भाजे आणि कार्ले अशा तीन पानांच्या लिंक व्हॉट्सअ‍ॅपवर टाकून पाहा: तिन्हींखाली एकच फोटो, एकच मथळा. प्रिव्ह्यू सर्व्हरकडून आलेल्या एचटीएमएलवरून बनतो आणि सर्व्हरच्या लेखी ही तिन्ही एकच पान. ज्याचा धंदाच फॉरवर्डवर चालतो, त्याने # च्या वाटेला जाऊ नये.

ब्राउझरमधलं राउटिंग वेगवान, हा समज तर फार पक्का आहे. ट्विटरने #! चे पत्ते घेतले होते; मे २०१२ मध्ये ते सोडून पान पुन्हा सर्व्हरवर तयार करायला सुरुवात केली आणि पहिलं ट्विट दिसायला लागणारा वेळ एक-पंचमांशावर आला. खंडाळ्याच्या बोगद्यांतून जाताना रेंज येते-जाते. तिथे जड जावास्क्रिप्ट उतरेपर्यंत पडदा पांढराच. ती एकदा उतरली, की पुढची पानं झटपट बदलतात, हे मात्र खरं.

म्हणून एकच पद्धत सगळीकडे चालवायचा हट्ट कशाला? दर, रस्ता, ट्रेकची माहिती ही पानं सर्व्हरवरून थेट द्यावीत. मालक दिवसभर उघडं ठेवतो ते बुकिंगचं कॅलेंडर खुशाल ब्राउझरवर सोपवावं. ते कोण ग्रुपवर टाकणार!

मराठी पत्ता चालत नाही, असंही ऐकू येतं. चालतो की. फक्त कॉपी केल्यावर अनेकदा त्याची % चिन्हांची माळ होते: 'लोणावळा' या एका शब्दाची ६३ अक्षरं. फलकावर छापायला रोमन पत्ताच बरा.