आजोबांच्या लष्करी कागदांत नाव, पलटण, तारीख जुळत नाही? आधी हे तपासा

सिद्धेश्वर (ता. औंढा नागनाथ) : घरातल्या जुन्या पेटीत आजोबांचं डिस्चार्ज बुक सापडतं. त्यावर एक नाव, पेन्शनच्या कागदावर दुसरं, शाळेच्या दाखल्यावर जन्मतारीख तिसरीच. मग आजीची कुटुंब पेन्शन अडकते. पण दोन कागद जुळले नाहीत म्हणजे एक खोटाच असतो, असं नाही.

पलटण : इंग्रजांच्या काळात हिंगोलीत हैदराबाद कंटिंजंटची छावणी होती. १९०३ मध्ये ही फौज हिंदी सैन्यात मिसळली, १९२२ मध्ये तिच्या पलटणींची १९ वी हैदराबाद रेजिमेंट झाली आणि १९४५ मध्ये तिलाच कुमाऊँ रेजिमेंट नाव मिळालं. म्हणजे एका कागदावर 'हैदराबाद' आणि दुसऱ्यावर 'कुमाऊँ' असेल, तरी माणूस एकच असू शकतो. मात्र निजामाची स्वतःची फौज वेगळी होती. कागदावर नुसतं 'हैदराबाद' असेल तर ते कोणतं, हे आधी ठरवा.

तारीख : निजाम राजवटीच्या कागदांवर फसली सन असतो. त्यात साधारण ५९० मिळवले की इसवी सन येतो. फसली वर्ष ऑक्टोबरात सुरू व्हायचं, म्हणून एका वर्षाचा फरक पडतो. उदा. फसली १३५० म्हणजे १९४०-४१.

नाव : जवान तोंडी सांगायचा, कारकून कानाला येईल तसं इंग्रजीत लिहायचा. कुठे आडनाव, कुठे नुसतं बापाचं नाव. इटलीत १९४४ मध्ये शहीद झालेले, व्हिक्टोरिया क्रॉसचे मानकरी यशवंत घाडगे यांचं आडनावही कुठे घाडगे, कुठे घाटगे असं दिसतं. म्हणून एकट्या नावावर जाऊ नका. सेवा क्रमांक, बापाचं नाव आणि गाव या तीन गोष्टी जुळवा. नुसता क्रमांकही पुरत नाही, कारण जुन्या काळी प्रत्येक पलटणीचे क्रमांक वेगळे असायचे.

कोणता कागद वजनदार? नोकरीत असताना लष्करानं केलेली नोंद, म्हणजे भरतीचा कागद आणि डिस्चार्ज बुक. नंतर घरच्यांनी केलेलं प्रतिज्ञापत्र त्याला आधार देतं, त्याची जागा घेत नाही. भरतीवेळी लिहिलेली जन्मतारीख सहजासहजी बदलत नाही, त्यामुळे तिथे बाकीचे कागद तिच्याशी जुळवून घेणं सोपं जातं.

कुठे जायचं? आधी जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात. तिथून अर्ज त्या रेजिमेंटच्या रेकॉर्ड ऑफिसला जातो : मराठा लाइट इन्फंट्रीचं बेळगावला, महार रेजिमेंटचं मध्य प्रदेशात सागरला, कुमाऊँचं राणीखेतला, तोफखान्याचं नाशिक रोडला. महायुद्धात मरण पावलेल्यांची नावं कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशनच्या साइटवर मोबाईलवरही फुकट शोधता येतात. स्पेलिंग चार-पाच प्रकारे टाकून बघा.

आणि एक सांगणं : मूळ कागदावर पेनानं दुरुस्ती करू नका, लॅमिनेशनही नको. खाडाखोड दिसली की खऱ्या नोंदीवरही संशय येतो. आधी फोटो काढा, झेरॉक्स करा आणि अर्जाला झेरॉक्सच जोडा. मूळ कागद फक्त दाखवायचा, हातातून सोडायचा नाही.