‘एवढं होतं, तर निघून का आली नाही?’

छत्रपती संभाजीनगरच्या औरंगपुऱ्यात झेरॉक्सच्या दुकानात एका दुपारी माझ्यापुढे एक बाई उभी होती. तिशीची असेल. हातात मंडईतून आणलेली भाजीची पिशवी, वर मेथीची जुडी. तिने जुडी बाजूला सारली आणि खालून एक प्लास्टिकची पिशवी काढली. त्यातले कागद एकेक करून काउंटरवर ठेवले. आधार कार्ड, रेशनकार्ड, लग्नपत्रिका, दोन मुलांचे जन्मदाखले, बँकेचं पासबुक, आणि चार घड्या घातलेला घाटी रुग्णालयाचा केसपेपर.

“ताई, दोन-दोन कॉपी काढू?”

“तीन-तीन काढा भाऊ. जरा लवकर करा.”

पैसे देऊन झाल्यावर मूळ कागद मेथीखाली गेले. झेरॉक्स मात्र तिने वेगळ्या पाकिटात घातल्या आणि ते पाकीट सोबत आलेल्या म्हाताऱ्या बाईंच्या हातात दिलं. ती कोण, कुठली, मी विचारलं नाही. पण लग्नपत्रिका आणि दवाखान्याचा कागद एकाच पिशवीत घेऊन निघालेली बाई भाजी आणायला म्हणूनच घराबाहेर पडू शकते, एवढं कळायला विचारावं लागत नाही.

मारहाणीच्या प्रत्येक बातमीनंतर आपल्याकडे एक प्रश्न हमखास येतो: एवढं होतं, तर ती निघून का आली नाही? या प्रश्नात एक मोठा गैरसमज दडलेला आहे. निघून येणं म्हणजे उंबरा ओलांडणं, एका क्षणात होणारी गोष्ट, असं आपण धरून चालतो. प्रत्यक्षात ती महिनोन्‌महिने चालणारी तयारी असते. कागद जमवायचे, थोडे पैसे बाजूला ठेवायचे, विश्वासाचं एक घर शोधायचं, मुलांच्या परीक्षा कधी संपतात ते बघायचं. आणि हे सगळं ज्याची भीती आहे त्याच्याच नजरेसमोर, त्याला न कळता. शिवाय जगभरच्या अभ्यासांतून एक गोष्ट पुन्हा पुन्हा दिसली आहे. बाई घर सोडते तो काळ आणि त्यानंतरचे काही महिने सर्वांत धोक्याचे असतात. हातातली सत्ता निसटते आहे असं वाटलं की मारणारा अधिक हिंसक होतो. म्हणून ‘अजून का निघाली नाही’ याचं उत्तर पुष्कळदा ‘जिवंत निघायचं होतं म्हणून’ असं असतं.

दुसरं कारण माहेर. ‘पदरी पडलं पवित्र झालं’, ‘लेकरांकडे बघ’, ‘भांड्याला भांडं लागणारच’ अशी समजूत घालून परत नांदायला पाठवलेल्या मुली आपल्या प्रत्येकाच्या नात्यात आहेत. चौथ्या वेळी ती माहेरी येत नाही, तेव्हा तिला सासरची सवय झालेली नसते. माहेराचं दार कसं आहे, ते तिला कळलेलं असतं. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्रात 18 ते 49 वयाच्या विवाहित स्त्रियांपैकी 25.2 टक्के जणींनी नवऱ्याकडून शारीरिक किंवा लैंगिक हिंसा झाल्याचं सांगितलं. चौघींत एक. आणि देशभराचा आकडा पाहिला तर शारीरिक किंवा लैंगिक हिंसा सोसलेल्यांपैकी कुणाकडे तरी मदत मागितलेल्या जेमतेम 14 टक्के. बाकीच्या गप्प आहेत, याचा अर्थ त्यांच्या घरी सुख आहे असा होत नाही.

‘हात उचलला तरच हिंसा’ हा समज तर शिकल्यासवरल्या घरांतही पक्का आहे. कौटुंबिक हिंसाचारापासून महिलांचे संरक्षण करणारा कायदा 2005 साली झाला आणि 26 ऑक्टोबर 2006 पासून लागू आहे. त्याच्या तिसऱ्या कलमात शारीरिक हिंसेच्या बरोबरीने लैंगिक, शाब्दिक-मानसिक आणि आर्थिक हिंसा मोजलेली आहे. पगार काढून घेणं, घरखर्चाला पैसे न देणं, तिचं स्त्रीधन विकणं किंवा गहाण टाकणं, नोकरीला जाऊ न देणं, मूल होत नाही म्हणून टोमणे मारणं, हे सगळं त्यात येतं. आर्थिक हिंसेचं आजचं रूप पाहायचं तर फोनकडे पाहा. ‘लाडकी बहीण’ योजनेचे दीड हजार बाईच्या नावच्या खात्यात येतात, पण त्या खात्याला नंबर नवऱ्याचा जोडलेला असेल तर ओटीपी त्याच्या खिशात वाजतो. खातं तिचं, पैसे त्याचे. बाहेर पडायची तयारी करणाऱ्या बाईने आधी हे एक काम करावं: स्वतःचा नंबर जोडलेलं खातं, जमल्यास दुसऱ्या बँकेत.

आता घराबद्दल. ‘घर सासऱ्याच्या नावावर आहे, तुझा काय हक्क?’ या एका वाक्यावर किती बायका रात्री अंगावरच्या कपड्यानिशी रस्त्यावर आल्या असतील. वस्तुस्थिती अशी आहे की या कायद्याच्या 17व्या कलमाने बाईला सामायिक घरात राहण्याचा हक्क दिला आहे. घराच्या कागदावर तिचं नाव असो वा नसो. मधल्या काळात, 2006 च्या एका निकालामुळे, सासू-सासऱ्यांच्या मालकीचं घर या हक्कातून वगळलं जात होतं. 15 ऑक्टोबर 2020 रोजी सतीश चंदर आहुजा विरुद्ध स्नेहा आहुजा या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ती भूमिका चुकीची ठरवली. ज्या घरात ती संसार करत होती ते घर सासऱ्याचं असलं तरी ते सामायिक घर ठरू शकतं. हा हक्क राहण्याचा आहे, मालकीचा नव्हे, हेही लक्षात ठेवायला हवं. न्यायालय नवऱ्याला त्या घरातून बाहेर जायला सांगू शकतं, किंवा तिच्यासाठी त्याच दर्जाची दुसरी जागा घ्यायला, तिचं भाडं भरायला लावू शकतं. घर सोडावं लागेल ते मारणाऱ्याने, ही कल्पनाच आपल्याकडे अजून रुजलेली नाही. कायद्यात मात्र ती आहे.

लग्नाची नोंदणी झालेली नाही, म्हणून काही करता येत नाही, असं बऱ्याच जणी धरून चालतात. ते खरं नाही. हा कायदा सगळ्या धर्मांच्या स्त्रियांना लागू आहे, आणि तो फक्त बायकोसाठी नाही. आई मुलाविरुद्ध, बहीण भावाविरुद्ध, दिराने हाकललेली विधवा सासरच्यांविरुद्ध अर्ज करू शकते. लग्नासारख्या नात्यात एकत्र राहिलेलीलाही हे संरक्षण आहे. सासूविरुद्ध अर्ज होऊ शकतो का, यावर बराच वाद होता. 2016 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कायद्यातल्या प्रतिवादीच्या व्याख्येतले ‘प्रौढ पुरुष’ हे शब्द काढून टाकले आणि तो संपवला.

तक्रारीच्या वाटेवरचा सर्वांत मोठा धोंडा म्हणजे ‘तक्रार केली की तो आत जाणार, संसार मोडणार’ ही भीती. पुष्कळ बायकांना घटस्फोट नको असतो, मार थांबायला हवा असतो. 2005 चा कायदा नेमका त्यांच्यासाठी आहे. त्याखालचा अर्ज दिवाणी स्वरूपाचा. अर्ज करायला घटस्फोट मागावा लागत नाही, आणि अर्जामुळे कुणाला अटकही होत नाही. न्यायदंडाधिकारी संरक्षणाचा आदेश देतात: मारायचं नाही, तिच्या कामाच्या जागी किंवा मुलाच्या शाळेत जायचं नाही, फोन करून छळायचं नाही. हा आदेश मोडला तर मात्र तो गुन्हा आहे. एक वर्षापर्यंत कैद, 20 हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. क्रूरतेचा फौजदारी गुन्हा, म्हणजे भारतीय दंड संहितेचं जुनं कलम 498-अ, 1 जुलै 2024 पासून भारतीय न्याय संहितेच्या 85व्या कलमात आहे. तो वेगळा मार्ग. हवा तर दोन्ही धरता येतात.

एक कबूल करायला हवं. कायदा सांगतो की पहिली तारीख साधारण तीन दिवसांत पडावी आणि तिथून 60 दिवसांत अर्ज निकाली काढायचा प्रयत्न व्हावा. न्यायालयांच्या कामाच्या ओझ्याखाली हे पाळलं जाताना फार कमी दिसतं. म्हणून वकिलांना पहिल्याच दिवशी अंतरिम आदेशाचा अर्ज द्यायला सांगावा. धोका तातडीचा असेल तर 23व्या कलमाखाली समोरच्याला ऐकण्याआधीही आदेश मिळू शकतो.

वकिलाला पैसे कुठून आणायचे? आणायचे नाहीत. 1987 च्या विधी सेवा कायद्याप्रमाणे स्त्रीला उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. त्यासाठी अदालत रोडवरच्या जिल्हा न्यायालयातलं विधी सेवा प्राधिकरण गाठायचं, किंवा 15100 वर फोन करायचा. थेट न्यायालयात जायचं नसेल तर महिला व बालविकास खात्याच्या संरक्षण अधिकाऱ्याकडे जाता येतं. घटनेचा अहवाल ते लिहून घेतात. पोलिसांत जायचं असेल तर मिल कॉर्नरचं पोलीस आयुक्तालय औरंगपुऱ्यातून रिक्षाने काही मिनिटांवर आहे. जीव धोक्यात असेल तेव्हा 112. बोलायचं आहे, काय करावं सुचत नाही, तेव्हा 181. हा महिलांसाठीचा फोन दिवसरात्र चालू असतो. फोन झाल्यावर नंबर यादीतून पुसून टाकावा, आणि आपलं व्हॉट्सअॅप दुसऱ्या कुणाच्या फोनवर किंवा संगणकावर जोडलेलं नाही ना, तेही बघावं. सखी वन स्टॉप सेंटरमध्ये दवाखाना, पोलीस, वकील, समुपदेशन यांची मदत एका ठिकाणी मिळते आणि काही दिवसांचा तात्पुरता निवाराही. औरंगपुऱ्याच्या चौकात सावित्रीबाई आणि जोतिराव फुले यांचा पुतळा आहे. घर बंद झालेल्या बायकांसाठी 1863 साली त्यांनी पुण्यात दार उघडलं होतं. सरकारी निवारा म्हटलं की तिथे जाणारीकडे आपण आजही वाकड्या नजरेने बघतो, याचं मला फार वाईट वाटतं.

त्या केसपेपरबद्दल सांगायचं राहिलं. दवाखान्यात मार लागलेली बाई बहुतेक वेळा ‘न्हाणीत पाय घसरला’ असं सांगते, कारण सोबत नवरा उभा असतो. डॉक्टर तेच लिहितात. वर्षभराने न्यायालयात तोच कागद तिच्याविरुद्ध बोलतो. शक्य असेल तर एकटीने आत जावं आणि कशाने लागलं, कुणी मारलं, ते स्पष्ट लिहून घ्यावं. खोटं बोलण्याचा दोष मात्र तिच्यावर टाकू नये. तिला बाजूला नेऊन विचारणं हे दवाखान्याचंही काम आहे. मुंबईत वांद्र्याच्या भाभा रुग्णालयात 2000 साली ‘दिलासा’ केंद्र सुरू झालं ते याच विचारातून.

दारूचा मुद्दा लोक हटकून काढतात. ‘तो वाईट नाही हो, दारू वाईट.’ दारूने हिंसा वाढते, हे खरं. वर सांगितलेल्या सर्वेक्षणातच देशभरात, नवरा वारंवार झिंगून येतो अशा बायकांपैकी 70 टक्के जणींनी हिंसा सोसलेली होती. पण नवरा दारूला शिवतही नाही अशांपैकीही 23 टक्के जणींनी ती सोसली. आणि प्यायलेला माणूस साहेबावर हात उचलत नाही, घरी येऊन बायकोवर उचलतो.

मुलांसाठी थांबणाऱ्या आईला कुणी दोष देऊ नये. तिला माहिती द्यावी. ‘घर सोडलंस तर मुलं इथेच राहतील’ ही धमकी आहे, कायदा नाही. 21व्या कलमाखाली मुलांचा तात्पुरता ताबा मागता येतो, आणि हिंदू कायद्यात पाच वर्षांखालचं मूल साधारणपणे आईकडेच असतं. शाळेचा घोळ वेगळाच असतो. जुनी शाळा वडिलांची सही मागते, नवी शाळा दाखला मागते, वर्ष वाया जातं. शिक्षण हक्क कायदा सहा ते चौदा वर्षांच्या मुलांना एका शाळेतून दुसऱ्या सरकारी किंवा अनुदानित शाळेत जायचा हक्क देतो, आणि दाखला यायला उशीर झाला म्हणून नव्या शाळेला प्रवेश लांबवता येत नाही. शाळेत जाताना ही एवढी ओळ बरोबर ठेवावी.

परत गेलेली बाई हरली, हाही एक क्रूर समज. अनेकजणी दोनदा, चारदा परत जातात आणि मग कायमच्या निघतात. दर खेपेला त्या काहीतरी घेऊन येतात: एक कागद, एक फोन नंबर, एक मैत्रीण. आपण तिला ‘परत गेलीस, आता आम्हाला सांगू नकोस’ म्हटलं की ती मैत्रीण मात्र कमी होते. मराठीत अशा बाईसाठी ‘टाकलेली’ हा शब्द आहे. त्यात कर्ता तो, ती वस्तू. संगमनेरच्या अॅड. निशा शिवूरकर यांनी या स्त्रियांच्या लढ्यावर ‘लढा टाकलेल्या स्त्रियांचा’ हे पुस्तक लिहिलं, तेव्हा त्या शब्दाआधी ‘लढा’ हा शब्द आला.

बाहेर पडल्यानंतरचं घर एका खोलीचं असतं. पहिल्या महिन्यात कुलूप बदलायचं, घरमालकिणीला विश्वासात घ्यायचं, गॅसचा पत्ता बदलायचा, येण्याजाण्याची वेळ आणि रस्ता अधूनमधून बदलायचा. नीट झोप लागायला मात्र वेळ जातो. जिन्यावर पाऊल वाजलं की दचकायला होतं. पोटगीचा आदेश अर्जाच्या तारखेपासून मिळावा, असं सर्वोच्च न्यायालयाने 2020 मध्ये सांगितलं आहे, तेव्हा मागची रक्कमही मागावी. आणि संरक्षणाचा आदेश हाती आला की, त्याची प्रत न्यायालयाकडून मोफत मिळते, तिच्या झेरॉक्स काढायच्या. एक शाळेच्या मुख्याध्यापकांना, सोबत मुलाला न्यायला कोण येईल त्यांची नावं लिहून. एक कामाच्या ठिकाणी. एक घरमालकिणीकडे. एक नव्या पत्त्याच्या पोलीस ठाण्यात, पोच घेऊन. आणि एक रोजच्या पर्समध्ये.