समजून घ्या : चर्चा अडते कुठे, बातमी थांबते कुठे?

छत्रपती संभाजीनगर : अंतरवाली सराटीत उपोषण, मंत्र्यांचे शिष्टमंडळ, आश्वासन आणि पुन्हा उपोषण. मराठा आरक्षणाची चर्चा मराठवाड्याने मोबाइलवर क्षणाक्षणाला पाहिली. तरीही ‘नेमके मिळाले काय?’ हा प्रश्न घरोघरी उरलाच. असे का झाले?

एक तोडगा, दोन तारखा
२ नोव्हेंबर २०२३ रोजी निवृत्त न्यायमूर्ती आणि मंत्र्यांच्या भेटीनंतर मनोज जरांगे यांनी उपोषण सोडले. सरकारच्या बाजूने मुदत २ जानेवारी सांगितली गेली, आंदोलकांकडून २४ डिसेंबर. ज्याने जी बातमी वाचली, त्याच्यासाठी तीच तारीख खरी. पुढच्या ताणाचे बीज इथेच पडले.

गुलालात हरवलेला ‘मसुदा’
२७ जानेवारी २०२४ रोजी वाशीत गुलाल उधळला गेला. जरांगे यांच्या हाती ‘सगेसोयरे’बाबतची अधिसूचना आली. पण तो मसुदा होता; १६ फेब्रुवारीपर्यंत हरकती मागवल्या होत्या. अंतिम अधिसूचनेशिवाय त्याआधारे प्रमाणपत्र मिळणार नव्हते. पडद्यावर गुलाल दिसतो, ‘मसुदा’ दिसत नाही. म्हणूनच १० फेब्रुवारीला उपोषण पुन्हा सुरू होताच अनेकांना कोडे पडले : जिंकल्यावर उपोषण कशाला?

तिसरी बाजू
जून २०२४ मध्ये जवळच्याच वडीगोद्रीत लक्ष्मण हाके आणि नवनाथ वाघमारे ओबीसी आरक्षणाच्या बचावासाठी उपोषणाला बसले. एका मंडपात दिलेला शब्द दुसऱ्या मंडपातही ऐकला जात होता. ‘सरकार विरुद्ध आंदोलक’ एवढ्याच चौकटीतल्या बातमीत चर्चा अडण्याचे हे कारण सुटून जाते. मग उरतो तो फक्त ‘कोण हटून बसले?’ हा वाद. तो गावात दोन शेजाऱ्यांमधले बोलणे बंद करतो.

बातमी वाचताना काय पाहावे?
• आश्वासन, मसुदा, शासन निर्णय की कायदा? चारही वेगळे. २० फेब्रुवारी २०२४ रोजी विधिमंडळाने मंजूर केलेले १० टक्के आरक्षण आणि कुणबी प्रमाणपत्राची मागणी हेही वेगळे विषय.
• मुदत कोणी सांगितली? दुसऱ्या बाजूने ती मान्य केली का?
• चर्चेत नसलेल्या कोणावर परिणाम होणार?

मुलाच्या प्रवेशासाठी कागदपत्रे घेऊन तहसीलच्या रांगेत उभ्या असलेल्या पालकाला कोण जिंकले, यापेक्षा आज कोणता दाखला चालतो, हे कळायला हवे.