चहा बिचारा उगाच बदनाम

महिनाअखेरीला पैसे पुरेनात की पहिली कुऱ्हाड टपरीवरच्या चहावर पडते. मग दूध अर्ध्या लिटरने कमी होतं, मुलांचा खाऊ बंद होतो. कमी पैशांत घर चालवायचं म्हणजे रोजच्या बारीकसारीक खर्चाला कात्री लावायची, हा समज इतका पक्का की तो हिशेब मांडून कुणी तपासत नाही. १५ रुपयांचा चहा रोज प्यायला, तर महिन्याचे ४५० आणि वर्षाचे ५,४७५ रुपये होतात. आता उदाहरणादाखल एक साधं घर घ्या: शाळेची फी, वह्या, गणवेश मिळून १८,०००, गणपती-दिवाळीचे १०,०००, विमा आणि दुचाकीची डागडुजी ८,०००. झाले ३६,०००. यातला एकही खर्च न सांगता येत नाही; जून दरवर्षी जूनमध्येच येतो. पण महिन्याच्या यादीत या खर्चाला जागा नसते, म्हणून तो 'अचानक' ठरतो आणि उसनवारी सुरू होते.

घराचं कंबरडं मोडतं ते इथे. फीचे १८,००० क्रेडिट कार्डावर थकले आणि व्याज महिना साडेतीन टक्के असलं, तर पहिल्याच महिन्याचं व्याज ६३० रुपये, म्हणजे महिन्याभराच्या चहापेक्षा १८० जास्त. 'किमान रक्कम' म्हणून पाच टक्के, ९०० रुपये, भरले तर मुद्दल उतरतं अवघं २७०. व्याजावरचा जीएसटी धरला तर त्याहूनही कमी. 'बिनव्याजी हप्त्या'चंही तेच. शून्य टक्के व्याज अशी गोष्टच अस्तित्वात नसते, असं रिझर्व्ह बँकेने २०१३ मध्येच बजावलं होतं.

तेव्हा ३६,००० ला बाराने भागायचं आणि ते ३,००० पगाराच्या दिवशीच, वाण्याचं बिल चुकवण्याआधी, बाजूला टाकायचे. 'उरले तर टाकू' म्हणणाऱ्याचे उरत नाहीत. फीसाठी पोस्टाची आरडी मात्र उपयोगाची नाही, ती पाच वर्षांची असते; बँकेची बारा महिन्यांची घ्यावी.

कुणी म्हणेल, पगारदाराला हे ठीक, रोजंदारीवाल्याने काय करायचं? त्याने महिन्यांऐवजी कामाच्या दिवसांनी भागावं. वर्षात २०० दिवस काम मिळत असेल, तर दिवसाला १८० रुपये. आकडा जड आहे, पण तो आधी कळलेला बरा. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. २०२३-२४ च्या सरकारी घरगुती खर्च पाहणीत शहरी कुटुंबांच्या खर्चात अन्नाचा वाटा ३९.६८ टक्के होता आणि एकूण खर्चाच्या ११ टक्क्यांच्या आसपास रक्कम एकट्या पेयांवर व तयार खाद्यपदार्थांवर गेली होती. म्हणजे बाहेरचं खाणं आवरून पैसे वाचतात, हे खोटं नाही. पण वाचलेल्या पैशाला ठिकाण ठरलेलं नसेल, तर तो पुढच्या आठवड्यात दुसऱ्याच कशात जिरतो. आणि जिथे कमाई भाडं, रेशन, औषधं यांनाच पुरत नाही, तिथे कुठलीही सवय उपाय नाही. त्या घराला काटकसरीचे धडे देऊ नयेत. तिथे मिळकतच वाढायला हवी.

बाकीच्यांनी येत्या जूनला किती महिने उरलेत ते मोजावं आणि फीच्या आकड्याला तेवढ्याने भागावं.